सुरी न लागलेली पानं

देओलिंदानं आयुष्यात दोनशे बारा पुस्तकं वाचली, आणि त्यातलं एकही पुरतं वाचलं नाही. आळशी होती म्हणाल तर जीभ झडेल तुमची. पंचेचाळीस वर्षं ती एकाच घरात राबली, आणि तेही अशा घरात, जिथं दाराची पितळी कडी दिवसातून दोनदा घासावी लागे, कारण बाईसाहेबांना कडीत स्वतःचं तोंड दिसायला हवं असे.

आली तेव्हा बारा वर्षांची होती. वरच्या डोंगरातून, खेचरावर, चेस्टनटच्या दोन पोत्यांच्या मधे बसून. बापानं तिला नोटरी अमांदियु तेलेश यांच्या दारात उतरवलं, टोपी काढून तीनदा वाकला, "पोरगी खाते कमी" एवढी एकच तारीफ केली आणि गेला. पुन्हा काही फिरकला नाही. स्वयंपाकघरामागं एक खोली होती, खाट मावली की माणूस मावायचा नाही अशी. ती तिची झाली.

अक्षरं तिला बाईसाहेबांनी शिकवली, दोना ओतिलियांनी. दयेपोटी नव्हे हो! बाईसाहेबांचे डोळे लवकर अधू झाले आणि प्रार्थनेची पुस्तकं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. पगारी बाई ठेवण्यापेक्षा मोलकरीण शिकवणं स्वस्त. काही असो, पोरगी शिकली. दोन हिवाळ्यांत ती संतांची चरित्रं घडाघडा वाचू लागली.

आता पुस्तकांचं सांगतो. दोउरू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या त्या गावात ज्याला म्हणून प्रतिष्ठा होती त्याच्या घरी पुस्तकांचं कपाट असायलाच हवं. द्राक्षमळेवाल्याकडं होतं, वैद्याकडं होतं. मग नोटरीसाहेब मागं कसे राहतील? पोर्तोहून त्यांना दर महिन्याला दोन पुस्तकं यायची. जगातली थोर, अजरामर, घरोघरी असावीत अशी म्हणून गाजलेली. सगळी एका मापाची, पिवळट कागदी वेष्टनातली. काचेच्या दारांचं कपाट मुद्दाम बनवून घेतलं. कॅफेत संध्याकाळी कुणी एखाद्या लेखकाचं नाव काढलं की साहेब डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "तरुणपणी वाचलं. आता पुन्हा वाचायला हवं."

कसलं वाचलं आणि कसलं काय! आमच्याकडं तेव्हा पुस्तकं बंद पानांची यायची. छापलेला मोठा ताव घड्या घालून तसाच शिवलेला असे. वरची आणि बाजूची घडी वाचणाऱ्यानं आपल्या हातानं सुरीनं कापायची. म्हणजे पुस्तक उघडलं की दिसायचंच, कुणी कुठवर वाचलंय ते. नोटरीसाहेबांच्या एकाही पुस्तकाला सुरी लागलेली नव्हती. काचेआडून ते कुणाला दिसत नसे, एवढंच.

देओलिंदाला ते चौदाव्या वर्षी कळलं. शनिवारी पुस्तकं काढून पुसायचं काम तिचं. एका पुस्तकात एक बाई गाडीत बसून कुठंतरी निघाली होती आणि पान संपलं. पुढचं पान घडीत. पोरीनं भाकरीची सुरी आणली आणि एक घडी कापली. अर्धी ओळ वाचते तोच बाईसाहेबांची चपराक बसली, कान दोन दिवस सुजला होता. साहेब बाहेर आले. रागावले नाहीत, हसले. पाहुणा पाद्री बसला होता, त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "न कापलेल्याला भाव असतो, पोरी. पुस्तकाचंही तसंच आणि मुलीचंही तसंच." पाद्रीही हसला, मेला. मग साहेबांनी आवाज उतरवला. "पुन्हा माझ्या पुस्तकाला सुरी लागली, तर त्या दिवशी तू दाराबाहेर."

कापलेल्या पुस्तकाच्या जागी पोर्तोहून दुसरं कोरं आलं. डोंगरातला बाप मात्र परत यायचा नव्हता. देओलिंदानं साहेबांचं ते वाक्य गाठीशी बांधलं.

पण वाचायचं वेड काही चपराकीनं जात नाही. सोळा पानांच्या घडीत चार पानं धड उघडी असतात. आणखी चार-सहा खालच्या बाजूनं डोकावून वाचता येतात, कागदाची पुंगळी करायची, एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायची. बाकीची ठार बंद. देओलिंदा दर शनिवारी फडकं हातात घेऊन अशी वाचायची. कुणाचं लग्न कळायचं, नवरा कसा मिळाला ते कळायचं नाही. खून कळायचा, खुनी बंद पानात. म्हातारपणी तिची मान डावीकडं झुकलेली होती. लोक म्हणायचे ओझ्यानं. मला विचाराल तर ती अजरामर साहित्यानं वाकडी झाली होती.

मधलं ती स्वतः रचायची. मंगळवारी धुणं न्यायला कुश्तोदिया यायची, जिभेची तिखट, मनाची सरळ. तिला कोबीचं सूप आणि मक्याच्या भाकरीचा तुकडा वाढायचा आणि गोष्ट सांगायची.

"थांब थांब," कुश्तोदिया म्हणायची, "गेल्या आठवड्यात ती बाई नाचत होती. आज एकदम विधवा? नवरा कशानं मेला?"

"ते पान बंद आहे."

"अगं मग तूच मार ना त्याला! तापानं मार. नको, घोड्यावरून पाड. श्रीमंत होता ना? श्रीमंत घोड्यावरूनच पडतात."

आणि देओलिंदा त्याला घोड्यावरून पाडायची. असं करत करत तीस वर्षं गेली. लग्न नाही, माहेर नाही, रविवारी चर्च आणि शनिवारी कपाट. बाईसाहेब वारल्या. तिनंच त्यांना आंघोळ घातली, तिनंच केस विंचरले.

मग नोटरीसाहेबांना काचबिंदू झाला आणि वर्षभरात ते आंधळे झाले. कॅफे सुटलं, मित्र सुटले. जेवणानंतर खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि बोटांनी खुर्चीचा हात वाजवत राहायचे, ठक ठक ठक. एक दिवस त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून पुढं केली.

"देओलिंदा, तू वाचतेस ना? मला वाचून दाखव. पहिल्या रांगेपासून."

ती पुस्तक घेऊन आली, खुर्चीजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "साहेब, सुरी घेऊ का?"

ठक ठक थांबलं.

"सुरी कशाला? मी वाचलीत सगळी. पुन्हा ऐकायचीत, एवढंच."

आता सांगा, यावर तिनं काय म्हणावं? 'साहेब, तुम्ही खोटं बोलताय'? एक 'हो, घे' म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्याचं काय बिघडलं असतं? पण चाळीस वर्षांची फुशारकी मोलकरणीसमोर गिळायला छाती लागते, आणि ती त्यांना नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात गुपचूप कापता आली असती ना, असं तुम्ही म्हणाल. कुश्तोदियाही म्हणाली होती. पण देओलिंदानं त्या घरात सांगितल्याशिवाय मीठसुद्धा हलवलं नव्हतं, आणि सुरीचा हुकूम अजून कुणी मागं घेतलेला नव्हता.

ती स्टुलावर बसली, पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. उघडं पान जसंच्या तसं. बंद पान आलं की न थांबता, त्याच आवाजात, स्वतःचं. पुंगळी करून डोकावायला आता डोळे साथ देत नव्हते, त्यामुळं स्वतःचंच जास्त. पानं उलटल्याचा आवाज व्हावा म्हणून ती मधेच बोटानं कागद वाजवायची.

नऊ वर्षं हे चाललं. रोज दुपारी तीन ते पाच. आणि म्हातारा बदलला हो. आधी तो माणूस आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्याही मरणावर हळहळला नव्हता. आता विचारायचा, "काल त्या पोराला थंडीत सोडलं होतं आपण, त्याचं काय झालं?" जेवताना चमचा खाली ठेवून म्हणायचा, "तो काका नीच आहे, देओलिंदा. मला पहिल्यापासूनच संशय होता." तिला 'तू' वरून 'तुम्ही' कधी म्हणू लागला ते दोघांनाही कळलं नाही.

एका कादंबरीत जुस्तिना नावाची बाई होती, नावाड्याची बायको. नवऱ्यानं दारूच्या नशेत दोर सोडला आणि होडीतली अकरा माणसं बुडाली. हे एकट्या जुस्तिनाला ठाऊक. ती कबुली द्यायला चर्चकडं निघते इथवर पान उघडं होतं. पुढची बारा पानं बंद. देओलिंदानं तिला चर्चच्या पायऱ्यांवर उभं केलं. केस मोकळे सोडून तिनं साऱ्या गावासमोर ओरडून सांगितलं. लोकांनी दगड उचलले. तेव्हा बुडालेल्या एका मुलाची आई पुढं झाली आणि तिनं आपली शाल जुस्तिनाच्या अंगावर टाकली. एवढं सांगून देओलिंदानं बोटानं कागद वाजवला. वर पाहते तो साहेब रडत होते. आंधळ्या डोळ्यांतून पाणी गालांवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला चर्चमध्ये जुस्तिनाच्या नावानं मेणबत्ती लावायला पाठवलं. कागदावरच्या बाईसाठी! पाद्र्याला सांगायची सोय नव्हती. पण तिनं लावली.

त्यानंतर तीन महिन्यांनी साहेब गेले.

मृत्युपत्र उघडलं. मूलबाळ नव्हतं, घर पुतण्याला, अबीलियुला. आणि खाली एक कलम: 'माझी सर्व पुस्तकं मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवणाऱ्या देओलिंदा हिला ती सर्व पुस्तकं, तसंच स्वयंपाकघरामागची खोली, ती जिवंत आहे तोवर.'

देओलिंदा सत्तावन्न वर्षांची होती. तिला त्या खोलीखेरीज जगात कुठंही जागा नव्हती. नन चालवत असलेला निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम होता, नदीपलीकडं, ओलसर भिंतींचा. तिथं गेलेली माणसं दुसरा हिवाळा क्वचितच पाहत.

अबीलियु म्हणजे नऊ वर्षांत दोनदा आलेला माणूस. त्याला घर रिकामं हवं होतं विकायला. पोर्तोहून एक पुस्तकविक्या आणला, मोलकरणीच्या वाट्याला केवढ्याची पुस्तकं गेली ते बघायला. त्यानं कपाट उघडलं, एक पुस्तक हातात घेतलं, दुसरं घेतलं, आणि त्याचे डोळे चमकले. "एकालाही सुरी नाही? दोनशे बारा, सगळी कोरी? याला गिऱ्हाईक आहे, साहेब."

अबीलियु मूर्ख नव्हता. कोरी पुस्तकं वाचून कशी दाखवली? तो थेट कोर्टात गेला. मोलकरणीनं आंधळ्या म्हाताऱ्याला फसवलं, न वाचलेलं वाचलं म्हणून सांगितलं आणि मृत्युपत्रात नाव घालून घेतलं. लुबाडलं. कपाटाला टाळं लागलं.

"दोन दिवस किल्ली तुझ्याकडं होती!" कुश्तोदियानं कपाळ बडवून घेतलं. "प्रेत घरात असताना सुरी फिरवायची होतीस. कोण बघणार होतं?"

"त्यांनी सांगितलं नव्हतं गं."

"मेलेला माणूस काय सांगणार, बये? तू माझ्या डोक्याचा भुगा करणार आहेस एक दिवस."

कोर्टात गर्दी झाली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? न्यायाधीश वयस्कर होते, पोटदुखीनं चेहरा ओढलेला, पण माणूस बरा. त्यांनी कपाटातली काही पुस्तकं मागवली होती. एक उचलून त्यांनी नाव वाचलं आणि उघड्या पानांवर नजर टाकली. जुस्तिनाचं होतं.

"बाई, हे तुम्ही तुमच्या मालकांना वाचून दाखवलंत?"

"हो, साहेब."

"मग आम्हालाही सांगा. ती चर्चकडं निघते तिथून."

देओलिंदानं पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही. काळ्या झग्यावर हात बांधून ती उभी राहिली आणि बोलू लागली. उघडं पान तिनं अक्षर न् अक्षर म्हटलं. कारकून बोट फिरवत होता, त्याचं बोट एकदाही अडलं नाही. मग पायऱ्या आल्या, मोकळे केस आले, दगड आले, शाल आली. मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

न्यायाधीशांनी टेबलावरची कागद कापायची सुरी घेतली.

"कापू नका!" अबीलियु उठून उभा राहिला. "साहेब, भाव उतरेल त्याचा!"

"खाली बसा."

चर्र करत घडी फाटली. देओलिंदाचा हात नकळत कानाकडं गेला; चाळीस वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता. न्यायाधीशांनी पुस्तक कारकुनाकडं दिलं. कारकुनाचा आवाज रेशनच्या यादीसारखा कोरडा, पण वाचलं त्यानं नीट.

'पाद्री एका बारशात गुंतले होते. जुस्तिना मागच्या बाकावर बसली. बाळ रडलं, लोक हसले, मेणबत्त्या विझवल्या. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. मग तिला आठवलं की घरात कांदे संपलेत. ती उठली, बाजारातून दोन कांदे घेतले आणि घरी गेली. त्यानंतर ती एकतीस वर्षं जगली.'

कारकून थांबला. अबीलियुचा वकील हसला. मग सगळेच हसले, आणि कुश्तोदिया "गाढवांनो!" म्हणून ओरडली, तिला शिपायानं दटावलं.

देओलिंदाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तो बाक होता आणि त्यावर बसलेली ती बाई. अकरा माणसं पोटात घेऊन कांदे विकत घेणारी. असंच तर असतं. पंचेचाळीस वर्षं ती स्वतः असंच पोटात घेऊन बाजारातून आली होती. हे तिला कसं सुचलं नाही? तिनं शाल कुठून आणली होती? कुणी कुणाच्या अंगावर शाल टाकतं का?

"बाई," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "इकडं लक्ष द्या. मी एक साधा प्रश्न विचारतोय, नीट विचार करून उत्तर द्या. तुम्ही मधलं मनानं सांगताय हे तुमच्या मालकांना ठाऊक होतं का? त्यांना ठाऊक असेल, तर ही फसवणूक नाही. मग दोन माणसांनी मिळून वेळ घालवला, एवढंच. खोली तुमचीच राहील. समजलं?"

समजलं सगळ्यांनाच. वकिलाचं हसू मावळलं. कुश्तोदिया बाकावरून अर्धी उठून ओठ हलवत होती: हो म्हण, हो म्हण.

आणि खोटंही ठरलं नसतं ते. 'सुरी कशाला' असं म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी ठाऊक होतंच की! देओलिंदाच्या ओठांवर 'हो' आलं होतं, मी तुम्हाला शपथेवर सांगतो. तिला ती खाट दिसली, चुलीची ऊब असलेली भिंत दिसली, नदीपलीकडच्या ओल्या भिंती दिसल्या.

"पहिल्या दिवशी असेल, साहेब," ती म्हणाली. "मग नाही. मग त्यांनी खरं मानलं. त्या बाईसाठी रडले ते. मेणबत्ती लावायला लावली."

"म्हणजे ते विश्वास ठेवून होते की हे पुस्तकातलंच आहे."

"हो."

"बाई, विचार करा."

"केला, साहेब. आत्ता यांनी वाचलं ते ऐकलं ना, तेव्हाच केला." तिनं अबीलियुकडं पाहिलं, त्या पाहण्यात राग नव्हता. "हे बरोबर म्हणतात. मी त्यांना लुबाडलंच."

न्यायाधीशांनी कलम रद्द केलं. दुसरं करताही येत नव्हतं त्यांना.

दोनशे अकरा पुस्तकं पोर्तोला गेली. जुस्तिनाचं पुस्तक विक्यानं घेतलं नाही, कापलेलं म्हणून. ते कोर्टाच्या कागदांत कुठंतरी गडप झालं. देओलिंदाला आठ दिवसांची मुदत मिळाली. तिनं चौथ्याच दिवशी गाठोडं बांधलं. जाताना दाराची कडी घासली, सवयीनं.

कुश्तोदिया तिला पुलापर्यंत पोचवायला आली आणि सगळी वाट भांडत आली.

"एक 'हो'! एवढंसं तोंड उघडायचं होतं! तीस वर्षं मला खोट्या गोष्टी सांगितल्यास, नवरे मारलेस, घोड्यावरून पाडलेस, आणि जिथं खोटं लागत होतं तिथं तुझी वाचा बसली? आणि ते खोटंही नव्हतं पुरतं! आता मर तिथं ओलीत!"

देओलिंदानं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण नऊ वर्षं होती गं माझ्याकडं, कुश्तोदिया. एका सकाळी स्वयंपाकघरात सुरी फिरवायचा धीर केला असता, तर त्यांना ते कांदे ऐकायला मिळाले असते."

"कांदे! इथं घर गेलं आणि हिला कांदे!"

"ते गेले ते माझंच ऐकून," देओलिंदा म्हणाली, आणि रस्त्यातच, माणसांदेखत, पहिल्यांदा मोठ्यानं रडली.